पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंतचे इंजिनियर

भिकोबा मिस्त्रींना माणसं ओळंब्यानं मोजायची खोड होती. ओळंबा म्हणजे गवंड्याची ती खाली पितळी गोळा बांधलेली दोरी, भिंत सरळ उभी आहे की नाही ते सांगणारी. भिकोबांचा ओळंबा कायम कोटाच्या खिशात. कचेरीत नवा माणूस आला की हे एक डोळा मिटून, दोरी समोर धरून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि तोंडावर निकाल द्यायचे. मी जव्हार संस्थानच्या बांधकाम खात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा चांगला लग्न झालेला, मिशा राखलेला इसम होतो. माझा निकाल असा लागला: "हा पडायचा नाही. अजून उभाच कुठे राहिलाय!" शिपाई फिदीफिदी हसला. मी त्या दिवशी ठरवलं की या माणसाशी बोलायचं नाही, आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर चहा पीत बसलो होतो.

बांधकाम खातं हे नाव मोठं. खात्यात वर कारभाऱ्यांचा धाक, खाली मी, दाराशी शिपाई, आणि भिकोबा. बांधकाम करायचे ते एकटे भिकोबा. बाकीचे आम्ही खातं होतो.

त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून यमाची नजर जाऊ नये असं नाव आईनं ठेवलेलं. "यमाला फसवायला ठेवलेलं नाव, पण वागवतोय मी," असं ते चिडून म्हणायचे. अंगानं आडवे, आवाज खणखणीत, मिशीला कलप. तपकीर ओढली की चार शिंका देत आणि प्रत्येक शिंकेबरोबर कुणाला तरी शिवी. विनय हा गुण त्यांच्याकडे नव्हता आणि तो नसल्याची त्यांना खंतही नव्हती. आपण ओढ्यावर बांधलेल्या मोरीवरून जाताना मुद्दाम थांबायचे, कठड्यावर हात फिरवायचे आणि "वा भिकोबा, वा!" असं स्वतःच म्हणून घ्यायचे. दुसरं कोणी म्हणेल याची वाट कोण बघत बसणार, असा त्यांचा रोकडा हिशोब.

कामावर दगडांना नावं द्यायचे. नावं सगळी कचेरीतली. "तो खजिनदार इकडे आणा रे, त्याला कोपऱ्यात दाबा." "हा फौजदार नुसता टोकदार आहे, कामाचा नाही, फोडा त्याला." मोठ्या पोटाचा, कुठल्याच थरात न बसणारा धोंडा असला की तो कारभारी. साखरशेतकडच्या एका ओढ्यावर भिंत घालताना कारभारीसाहेब खुद्द पाहणीला आले, आणि नेमके तेव्हाच खालून ओरडणं ऐकू आलं, "अरे, या कारभाऱ्याच्या टाळक्यात घाला दोन घण, म्हणजे बसेल मुकाट्यानं!" साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, साहेब, ऊन फार झालंय, तुम्ही सावलीत चला.

आता मुद्द्यावर येतो. एका पावसाळ्यात राजवाड्याचा तबेला गळायला लागला. महाराजांचा आवडता घोडा भिजला आणि खोकायला लागला. जव्हारचा पाऊस म्हणजे घोड्याचीच काय, देवाचीही भीड न ठेवणारा. भर पावसात भिकोबा छपरावर चढले, आढं बदललं, कौलं नव्यानं लावली, आणि घोडा वाचला. दसऱ्याच्या दरबारात महाराज खूश होऊन म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला आता मोठा हुद्दा हवा. कोणता, ते तुम्हीच ठरवा. गुढीपाडव्याला जाहीर करू."

झालं! त्या दिवसापासून खात्यात दुसरं काम उरलं नाही.

हद्दीपलीकडे मोखाड्याला इंग्रजी अंमल. तिथल्या ओव्हरसियरच्या डोक्यावर भेंडाची पांढरी टोपी असायची आणि त्या टोपीनं भिकोबांची झोप उडवलेली होती. "ओव्हरसियर नको," ते म्हणाले. "त्या टोपीवाल्याच्या बरोबरीला बसायला मी छपरावर चढलो नाही." मग मी कागद घेऊन बसलो. बांधकाम अधीक्षक? "अधीक्षक म्हणजे धर्मशाळेचा वाटतो." शिल्पशास्त्री? "लोक श्राद्धाला बोलावतील." सरमिस्त्री? "मिस्त्री तो मिस्त्रीच, पुढे सर लावून काय दिवे लागणार?" त्यांची परीक्षा घेण्याची एक रीत होती. शिपायाला कचेरीच्या आवाराच्या पार टोकाला उभं करायचं आणि त्यानं तिथून एकेक हुद्दा ओरडायचा. हे ओसरीवर डोळे मिटून ऐकत. "हुद्दा लांबून ऐकावा बाबू. जवळून कुठलाही बराच वाटतो." येणारे जाणारे थांबून बघायचे. एका पक्षकाराला वाटलं आपलाच पुकारा झाला, तो बिचारा हात जोडून आत आला.

शेवटी इंजिनियर ठरलं. लांबूनही भरदार ऐकू येत होतं. शिवाय त्यांच्या घरात सुंदरच्या लग्नाचं चाललेलं. सुंदर ही त्यांची एकुलती एक मुलगी. नाशिकचं एक स्थळ होतं, मुलगा रेल्वेत, माणसं खाऊनपिऊन सुखी, पण मिस्त्रीची मुलगी म्हटल्यावर जरा नाक मुरडत होती. गंगूवहिनींनी, म्हणजे भिकोबांच्या बायकोनं, मला ओसरीवर गाठून बजावलं, "भाऊजी, काहीही करा पण इंजिनियरच लिहा. माझ्या पोरीचं भलं होईल."

कारभाऱ्यांनी भिकोबांना आधीच सांगितलं होतं, "इंजिनियर झालात की दगडाला हात लावायचा नाही. हुकूम द्यायचा. फिरतीवर जाताना शिपाई पुढे पाहिजे, पुकारा झाला पाहिजे. हुद्द्याची शान राहिली पाहिजे." भिकोबा म्हणाले, "राहील की." पाडव्याला भर दरबारात पुकारा झाला. नवा कोट, जरीचा फेटा, आणि आयुष्यात पहिल्यांदा बूट. बूट चावत होते, पण चेहऱ्यावर ते दिसू दिलं नाही. त्या आठवड्यात नाशिकहून होकार आला. वहिनींना बायका इंजिनियरीणबाई म्हणायला लागल्या आणि त्या लटक्या रागानं "इश्श, काहीतरीच!" म्हणायच्या. घरात असा आनंद मी त्या आधी पाहिला नव्हता.

तेव्हा वांगणीला विहिरीचं काम अर्धं झालेलं. वांगणी म्हणजे वावर गावाच्याही पलीकडे, डोंगरात. होळी झाली की तिथल्या बायका पाण्यासाठी खाली नदीच्या डबक्यापर्यंत उतरायच्या आणि डोक्यावर हंडे घेऊन कडा चढायच्या. भिकोबांनी कारभाऱ्यांचं डोकं खाऊन विहीर मंजूर करून घेतली होती. दिवाळीनंतर खोदली, झराही लागला, पण आतून दगडाचं बांधकाम व्हायचं होतं. तिथली माती भुसभुशीत. पावसाच्या आत दगड चढले नाहीत तर बाजू ढासळणार आणि विहीर बुजून जाणार. खोदणारी सगळी पाड्यावरचीच माणसं. त्यांचा म्होरक्या चैत्या. दिवसभर भिकोबा त्यांना शिव्या घालायचे, दिवस मावळला की त्यांच्याच अंगणात बसून नागलीची भाकर खायचे आणि मोहाची घ्यायचे. चढली की आमच्या कचेरीतल्या एकेकाची नक्कल करायचे. माझी नक्कल तिथल्या पोरांना पाठ होती, हे मला पुढे कळलं.

पाडव्यानंतर इंजिनियरसाहेब वांगणीला निघाले. बरोबर मी. पुढे शिपाई. रस्ता संपेपर्यंत बैलांची दमणी, पुढे पायवाट. शिपाई आदल्या दिवशीच गेला होता आणि पाड्यापाड्यावर उभा राहून ओरडला होता की इंजिनियरसाहेबांची स्वारी येतेय, तयारीत रहा.

आम्ही पोचलो तेव्हा पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. चुलीतली राख गरम होती. कोंबड्यासुद्धा उचलून नेल्या होत्या. विहिरीपाशी घण, पहारी, टोपल्या जिथल्या तिथे टाकलेल्या.

आता ही वेठीची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगावं लागेल. सरकारी माणूस पाड्यावर आला की त्याची सरबराई पाड्यानं फुकट करायची. जितका हुद्दा मोठा तितकी वेठ मोठी. मिस्त्री आला तर नुसतं पाणी. कारकून आला तर कोंबडं. साहेब आला तर मात्र बकरा, दूध, सरपण, निजायला बाज, वर सामान वाहायला माणसं, आणि माणसं गेली की त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून साहेबाचा पुकारा ऐकला की सगळा पाडा उठून रानात जायचा. भिकोबांना हे काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. पण आपल्याला बघून कोण पळेल, असं त्यांना वाटलं होतं. लेकाचे स्वतःवर इतके खूश होते, दुसरं काय!

ते विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि ओरडले, "चैत्या! ए चैत्या! अरे मी आहे!"

मग वरच्या उतारावर, सागाच्या झाडाआड, चैत्या दिसला. जवळ येईना.

"काय सांगाचा ता तथूनच सांग, सायेब," तो म्हणाला.

"साहेब कोणाला म्हणतोस रे? मी भिकोबा!"

"व्हतास," चैत्या म्हणाला. "आता सायेब झालास. शिपायान वरडून सांगला."

"अरे मी काय बकरा मागणार आहे का तुझा?"

"तू नाय मांगणार. तुझा शिपाय मांगंल."

आणि नेमका त्याच क्षणी झोपड्यांमागून आमचा शिपाई धावत आला. एक चुकार कोंबडा मागे राहिला होता, त्याच्यामागे तो लागला होता. कोंबडा भिकोबांच्या दोन बुटांमधून निसटला. चैत्या हसला नाही. एरवी तो अशा गोष्टीला जमिनीवर लोळून हसला असता. ते बघून भिकोबांचं तोंड एवढंसं झालं.

"विहिरीचं काय?" त्यांनी विचारलं.

"पानी पडंल, माती येल, बुजंल," चैत्या म्हणाला. "आमी काय करू? बाया जातील परत नदीव." आणि तो झाडांत गेला.

परत येताना भिकोबांनी बूट काढून काठीला अडकवले आणि अनवाणी चालायला लागले. चालता चालता म्हणाले, "बाबू, हुद्दा परत कसा करतात?"

मी म्हटलं, महाराजांनी दिलेला हुद्दा परत करता येत नाही. तो महाराजांचा अपमान. आणि तो ठेवून पुकारा नको म्हणालात तर तोही अपमान. काही गुन्हा केला तरच उतरवतात.

"कुठला गुन्हा?"

आम्ही रस्ताभर गुन्ह्यांचा विचार केला. चोरी केली तर तुरुंग. दारू पिऊन कचेरीत आलं तर निम्मी कचेरी आधी उतरवावी लागेल. कामचुकारपणाला आमच्याकडे कोणी गुन्हा समजत नव्हतं. राहता राहिला वरिष्ठाचा अपमान. भिकोबांचा चेहरा उजळला. मी म्हटलं, भिकोबा, सुंदरच्या लग्नाचा विचार करा. त्यावर त्यांनी बुटांची काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि वावर येईपर्यंत झपाझप चालत राहिले. तेव्हाच मला कळलं की या माणसाचं ठरलंय, आणि मला त्यांचा रागही आला आणि गंमतही वाटली.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी कारभारीसाहेबांनी सगळ्या खात्यांची बैठक बोलावली होती. खजिनदार, फौजदार, डॉक्टर, सगळे खुर्च्यांवर. भिकोबा धुळीनं भरलेले पाय घेऊन आत आले आणि थेट साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले. खिशातून ओळंबा काढला. एक डोळा मिटला. दोरीचं टोक साहेबांच्या नाकाशी धरलं आणि गोळा खाली सोडला. गोळा साहेबांच्या पोटावर टेकला आणि तिथेच आडवा झाला.

"पोट वीतभर ओळंब्याबाहेर आहे," भिकोबा खणखणीत आवाजात म्हणाले. "ही भिंत मी पास करणार नाही. पाडून नव्यानं बांधा."

डॉक्टर खोकण्याचं निमित्त करून बाहेर पळाले. फौजदारानं फेट्याचा शेमला तोंडात कोंबला. मी खाली मान घालून दौतीत टाक बुडवत बसलो. साहेब आधी लाल झाले, मग जांभळे. "मिस्त्री!" ते ओरडले. "तुम्ही मिस्त्री होतात आणि मिस्त्रीच मरणार! आजपासून तुम्ही मिस्त्री! कायमचे!"

"कायमचे हे लेखी द्या साहेब," भिकोबा म्हणाले. "बाबू, लिहून घे."

मी लिहून घेतलं. महाराजांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणे खूप हसले, पण हुकूम काही फिरवला नाही. कारभाऱ्यांची तोंडदेखली तरी बूज राखावी लागतेच.

अक्षय्यतृतीयेला सकाळी भिकोबा एकटे, धोतर खोचून, वांगणीला गेले. दुपारपर्यंत चैत्या आणि त्याची माणसं विहिरीत उतरली होती. पावसाच्या आत शेवटचा थर चढला. शेवटच्या थरात कारभारी बसवला असं चैत्यानं मला पुढे सांगितलं. टाळक्यात बरेच घण घालावे लागले म्हणे.

पण ही गोष्ट इथे संपली असं मी म्हणणार नाही, कारण गंगूवहिनींच्या लेखी ती संपली नव्हती. नाशिकच्या मंडळींना बातमी पोचली. आधी मिस्त्री, मग इंजिनियर, मग वरिष्ठांचा अपमान करून पुन्हा मिस्त्री, असला व्याही कोणाला हवा? त्यांनी मोडलं. मी त्या दिवशी त्यांच्या घरी होतो. वहिनी रडल्या नाहीत. भिकोबांसमोर ताट ठेवलं आणि उभ्या राहून म्हणाल्या, "परक्या बायकांचे हंडे भरलेत. माझ्या पोरीचं काय केलंत? एकदा तरी मला विचारायचं होतंत." सुंदर आतल्या खोलीत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. ज्या माणसाला महाराजांपुढेही कधी शब्द कमी पडला नव्हता, तो ताटाकडे बघत बसला. मलाच उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना.

सुंदरचं लग्न पुढे मोखाड्याच्या दवाखान्यातल्या एका कंपाउंडरशी झालं आणि चांगलं झालं. जावई भिकोबांच्या शिव्यांना पुरून उरला. पण वहिनींनी नाशिकचं नाव काढायचं सोडलं नाही. आणि भिकोबांनीही एकदाही असं म्हटलं नाही की मी केलं ते बरोबर केलं. एवढंच, की मोखाड्याच्या बाजारात तो टोपीवाला ओव्हरसियर दिसला की हे छाती काढून जवळ जायचे आणि सांगायचे, "आम्हीही इंजिनियर होतो बरं का. पाडव्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत. चावतो फार तो हुद्दा." ओव्हरसियर बिचारा दर वेळी टोपी सावरून वाट धरायचा.

पुढे मी खातं बदललं. हळूहळू चढलो. चढताना कोणी मला कुठला हुद्दा हवा म्हणून विचारलं नाही, जो दिला तो घेतला. शेवटी महालकरी झालो, म्हणजे एका अख्ख्या महालाचा साहेब. बसायला तट्टू मिळालं, पुढे पळायला शिपाई मिळाला. खरं सांगतो, आवडायचं मला ते. गावाच्या वेशीवर आपल्या नावाचा पुकारा ऐकला की पाठ आपोआप ताठ होते.

एका उन्हाळ्यात वसुलीच्या कामासाठी वांगणीला गेलो. पाडा रिकामा. दारं लोटलेली, कुत्रंसुद्धा नाही. विहिरीच्या काठावर मात्र एक म्हातारा पाय सोडून बसला होता. मिशीचा कलप कधीचा गेलेला, दृष्टीही गेल्यासारखी. भिकोबांनी नोकरी सोडल्याला बरीच वर्षं झाली होती. दर उन्हाळ्यात ते चैत्याकडे येऊन राहतात, विहिरीचे दगड बघायला, असं घरी सांगतात, हे मला माहीत होतं. खरं कारण मोहाची होती हेही माहीत होतं.

"कोण रे?" तट्टाची टाप ऐकून ते म्हणाले.

"मी बाबू."

"अस्सं! ये. काय झालास आता?"

"महालकरी."

"हळू बोल," ते म्हणाले. "ऐकतायत."

मी इकडेतिकडे पाहिलं. वर उतारावर करवंदीच्या जाळ्या, त्यामागे साग. कोणी दिसत नव्हतं.

"तुझा शिपाई सकाळपासून बोंबलतोय," भिकोबा म्हणाले. "सकाळपासून एक बाई पाण्याला आलेली नाही. घरातलं पाणी संपलं असेल सगळ्यांचं. पोरं रडत होती मघाशी, मग त्यांची तोंडं दाबली असतील." हे ते रागानं बोलले नाहीत. नुसतं सांगितलं.

मी तट्टावरून उतरलो.

"फेटा काढ," ते म्हणाले. मी काढला. "शिपायाला नदीकडे पाठव. तिथे कोंबड्या आहेत म्हणावं, म्हणजे धावत जाईल." शिपाई गेला.

मग भिकोबांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि त्यांचा तो खणखणीत आवाज, म्हातारपणानं जरा फाटलेला, उतारावर गेला. "या गं बायांनो! साहेब नाही! कोणी नाही! आपला बाबू आहे, बाबू!"

थोडा वेळ काहीच हललं नाही. मग जाळीआडून एक म्हातारी बाहेर आली, डोक्यावर रिकामा हंडा. विहिरीपाशी आली, माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, दोर आत सोडला. तिच्यामागून बाकीच्या यायला लागल्या, एकीमागून एक, आणि मी तट्टाचा लगाम धरून बाजूला झालो, त्यांना जागा व्हावी म्हणून.